पहिल्या भयकादंबरीआधी दुसरीचा खर्डा: नवोदित भयकथालेखकाची पहिली पाच वर्षे

भयकादंबरी लिहून पूर्ण झाली की लेखकाला सर्वप्रथम प्रकाशक आठवतो आणि ते स्वाभाविक आहे. तरीही प्रकाशकाचा दरवाजा ठोठावण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून टाकावी असे मला वाटते. पहिले पुस्तक वाचक मुखपृष्ठ पाहून किंवा मित्राने सांगितले म्हणून घेतो. दुसरे पुस्तक मात्र तो लेखकाचे नाव पाहून घेतो, आणि भयसाहित्यात तर हा फरक फार ठळक असतो, कारण ज्याने एकदा झोप उडवली त्याच्याकडे वाचक पुन्हा स्वतःहून जातो. ही ओढ वर्ष-दीड वर्ष टिकते, त्यानंतर वाचक नाव विसरतो. म्हणून पहिल्या पुस्तकाची तारीख ठरण्याआधी दुसऱ्याचा कच्चा खर्डा कपाटात असावा. पुढे सांगितलेले सगळे टप्पे या एका अटीभोवती आखलेले आहेत.

याचे उदाहरण म्हणून अमेरिकी भयकथालेखक स्टीफन किंग यांची सुरुवातीची वर्षे पाहण्यासारखी आहेत. त्यांची गोष्ट एका रात्रीत उजळलेल्या नशिबाची कथा म्हणून सांगितली जाते, पण जमाखर्चाची वही म्हणून वाचली तर ती अधिक शिकवते. १९६७ साली त्यांची पहिली कथा एका रहस्यकथांच्या मासिकाने घेतली आणि मानधन दिले ३५ डॉलर. पुढची काही वर्षे ते मासिकांना कथा विकत राहिले. १९७१ पासून ते अमेरिकेच्या मेन राज्यातील हॅम्पडेन येथे शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि त्यांचा वार्षिक पगार ६,४०० डॉलर होता. 'कॅरी' या पहिल्या प्रकाशित कादंबरीसाठी 'डबलडे' या प्रकाशनसंस्थेने २,५०० डॉलर आगाऊ दिले. एप्रिल १९७४ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या आवृत्तीचा खप तेरा हजारांच्या आसपास राहिला. पैसा आला तो दुसऱ्याच वाटेने. कागदी बांधणीच्या स्वस्त आवृत्तीचे हक्क १९७३ मध्येच चार लाख डॉलरना विकले गेले होते आणि करारानुसार त्यातील निम्मी रक्कम प्रकाशकाकडे गेली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढे आहे: पहिले पुस्तक बाजारात येण्याच्या सुमारास आणखी दोन कादंबऱ्यांचे खर्डे त्यांच्याकडे तयार होते, त्यांतला एक निवडून १९७५ मध्ये दुसरे पुस्तक आले आणि तिसरे १९७७ मध्ये. निवडीच्या वेळी संपादक बिल थॉम्पसन यांना काळजी होती की लागोपाठ दुसरी भयकादंबरी आली तर लेखकावर कायमचा शिक्का बसेल. किंग यांनी तो शिक्का आनंदाने स्वीकारला.

मराठीतल्या आकड्यांची या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही. कामाचा क्रम मात्र इथेही तोच आहे: आधी कथा, मग कादंबरी, लगेच दुसरी कादंबरी आणि या सगळ्या काळात चालू असलेली नोकरी. गूढकथाकार रत्नाकर मतकरी यांनी १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि त्याच वर्षांत त्यांचे नाव झाले, हे नोकरीचा राजीनामा खिशात घेऊन फिरणाऱ्या नवलेखकाने लक्षात ठेवावे.

कथांपासून सुरुवात

मराठी भयकथालेखकाला एक सोय आहे जी फार थोड्या भाषांतील लेखकांना मिळते, ती म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि 'धनंजय', 'नवल' यांसारख्या अंकांनी गूढ, रहस्य आणि भय यांना पिढ्यान्‌पिढ्या हक्काची जागा दिली आहे. अंक दिवाळीत येतो, मात्र त्याचे काम उन्हाळ्यातच सुरू होते. संपादकांकडे मे-जूनमध्ये कथा पोहोचली तर ती शांतपणे वाचली जाते. गणपतीच्या तोंडावर पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी तेव्हा पाने भरलेली असतात आणि मुद्रितशोधन चालू असते. एका संपादकाकडे एकच कथा पाठवावी, तीच कथा एकाच वेळी चार अंकांना पाठवू नये, आणि वाजवी मुदतीत उत्तर आले नाही तर नम्रपणे विचारून ती मागे घेऊन दुसरीकडे द्यावी. हे जग लहान आहे. एकच कथा दोन अंकांत छापून आली की दोन्ही संपादक लेखकाचे नाव लक्षात ठेवतात, आणि ते बऱ्या कारणासाठी नसते.

दोन दिवाळ्यांत चार-पाच कथा छापून आल्या की लेखकाला दोन गोष्टी कळतात. आपली भीती कोणत्या जातीची आहे, ही पहिली. कोणाला कोकणातल्या बंद घरातले देवचार आणि मुंजे जमतात, कोणाला पुण्या-मुंबईतल्या सोसायटीच्या लिफ्टमधला अनामिक मजला जमतो, तर कोणाच्या कथेत भूत येतच नाही, फक्त एका माणसाचा तोल हळूहळू ढळत जातो. दुसरी गोष्ट अशी की वाचक कुठे घाबरतो आणि कुठे कंटाळतो हे लेखकाच्या अंदाजाहून वेगळे असते. दिवाळी अंकातील कथेवर वाचकांचे फोन आणि संदेश येतात. त्यात लोकांनी कथेतला कोणता प्रसंग आपण होऊन सांगितला, त्याची नोंद ठेवावी. 'कथा छान आहे' या शेऱ्याचा काही उपयोग नाही. 'ती माजघरात दिवा लावते तिथे मी वाचणे थांबवले' या वाक्याचा उपयोग आहे.

उचलेगिरीबद्दल इथेच सांगतो. परकीय कादंबरीवरून मराठी कादंबरी बेतण्याची रीत आपल्याकडे मोठ्या लेखकांनीही पाळली आहे. नारायण धारप यांची 'लुचाई' ही किंग यांच्या दुसऱ्या कादंबरीवर आधारलेली आहे हे त्यांचे चाहतेही जाणतात. ते दिवस वेगळे होते. रूपांतर आणि भाषांतर यांचा हक्क मूळ लेखकाकडे असतो, आणि आजचा वाचक मूळ पुस्तक फोनवर वाचून बसलेला असतो. परवानगीशिवाय बेतलेल्या पहिल्या पुस्तकावर कोणतीही कारकीर्द उभी करू नये.

हस्तलिखित किती मोठे असावे

पहिली भयकादंबरी चाळीस ते साठ हजार शब्दांत बसावी, असे माझे मत आहे. कारण वाङ्मयीन आहे तसे व्यवहाराचेही आहे. पाने वाढली की किंमत वाढते, आणि अनोळखी लेखकाच्या जाड पुस्तकाकडे विक्रेता आणि वाचक दोघेही संशयाने पाहतात. नावारूपाला आलेल्या लेखकालाही हा हिशेब सुटत नाही: किंग यांच्या १९७८ च्या 'द स्टँड' या प्रचंड कादंबरीतून प्रकाशकाने खर्चाचे कारण देऊन सुमारे चारशे पाने कमी करायला लावली होती आणि ती बरीचशी परत यायला १९९० साल उजाडले. भीतीचा ताण तीनशे पानांपलीकडे टिकवणे हे दहाव्या पुस्तकाचे काम आहे.

प्रकाशकाकडे पाठवताना पूर्ण हस्तलिखित युनिकोडमध्ये जुळवलेले असावे, सोबत एका पानाचे कथासार असावे आणि त्या कथासारात शेवट लपवू नये. 'शेवट वाचूनच पाहा' असे लिहिणारा लेखक स्वतःला चतुर समजतो. संपादकाला मात्र कादंबरीची बांधणी तपासायची असते आणि शेवटाशिवाय ती तपासता येत नाही. आधी छापून आलेल्या कथांची यादी अंकाचे नाव आणि वर्ष देऊन जोडावी. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. तिच्या त्या वर्षीच्या अटी मंडळाच्या जाहिरातीतून वाचाव्यात, कोणाच्या ऐकीव माहितीवर राहू नये.

करार

या टप्प्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण नवोदिताचे सर्वाधिक नुकसान इथेच होते आणि ते पाच-दहा वर्षांनी लक्षात येते. माझ्या स्वतःच्या पहिल्या पुस्तकाचा करार दीड पानाचा होता. त्यात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील' असे एक वाक्य होते आणि मी ते पुस्तक छापले जाणार या आनंदात न वाचल्यासारखे वाचले. पुढे त्याच पुस्तकाचे ध्वनिरूप करण्याबद्दल विचारणा झाली तेव्हा त्या एका वाक्याचा अर्थ मला पुरता कळला.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो लेखकाच्या बाजूने बराच बोलतो. लेखकांनाच त्याची कलमे ठाऊक नसतात. लिखाण पूर्ण होताच स्वामित्वहक्क आपोआप लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला देणे लेखी आणि सहीनिशीच वैध ठरते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरतेच दिले असे मानले जाते. ज्याला हक्क दिला त्याने तो एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास तो हक्क दिलेला नाही असे समजले जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक संरक्षण मिळाले आहे: करार झाला त्या वेळी अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत.

म्हणून करारात हक्क सुटे सुटे लिहून घ्यावेत. छापील मराठी पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अन्य भाषांतील अनुवाद, आणि नाटक, चित्रपट किंवा मालिका अशी प्रत्येकाची वेगळी ओळ असावी. पहिल्या पुस्तकासाठी प्रकाशकाला छापील हक्क ठरावीक वर्षांसाठी द्यावेत. ई-पुस्तक द्यावे की नाही हा बोलणीचा भाग आहे. परंतु श्राव्य आणि दृश्य हक्क शक्य तोवर स्वतःकडे ठेवावेत किंवा निदान त्यांच्या उत्पन्नातील लेखकाचा वाटा निम्म्याहून बराच वर ठेवावा. किंग यांच्या चार लाखांचे दोन लाख कसे झाले ते वर आलेच आहे. भयकथेच्या बाबतीत हा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण ती कानाने ऐकायला आणि पडद्यावर पाहायला विशेष साजते. २०१८ च्या 'तुंबाड' या चित्रपटाचे मूळ बीज दिग्दर्शकाला अनेक वर्षांपूर्वी जंगलात मित्राने सांगितलेल्या धारपांच्या एका कथेत सापडले होते, आणि चित्रपट आला तेव्हा धारपांना जाऊन दहा वर्षे झाली होती. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्यामुळे हा प्रश्न लेखकापुरता राहत नाही, त्याच्या वारसांपर्यंत जातो.

मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर आहे की विक्रीतून आलेल्या रकमेवर, हे विचारल्याशिवाय सही करू नये. विक्रेत्याचे कमिशन वजा झाल्यावर या दोहोंत मोठे अंतर पडते. आवृत्तीच्या प्रतींची संख्या करारात आणि पुस्तकाच्या श्रेयपानावरही असावी. पुस्तक संपल्यावर ठरावीक महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क लेखकाकडे परत येतील, हे वाक्य प्रकाशक स्वतःहून घालत नाही. ते लेखकाने घालून घ्यावे. आणि पुस्तक छापण्यासाठी लेखकाकडून पैसे मागणारा माणूस मुद्रणसेवा विकत असतो. ती सेवा घेण्यात गैर काही नाही, फक्त मग त्याला प्रकाशकाचे हक्क देऊ नयेत.

स्वतः प्रसिद्ध करायचे असल्यास

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी दलाल पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत. छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यात नमूद केलेल्या इतर ग्रंथालयांना प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत स्वखर्चाने पाठवणे ही प्रकाशकाची, म्हणजे अशा वेळी लेखकाचीच, जबाबदारी असते. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तके २०१६ च्या अखेरीपासून निघू लागली. तिथे भारतातील विक्रीवर सत्तर टक्के वाटा हवा असेल तर ई-पुस्तक केवळ त्यांच्याकडेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते. तेच पुस्तक इतर ठिकाणीही ठेवायचे असेल तर वाटा निम्म्यावर, म्हणजे पस्तीस टक्क्यांवर येतो. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन मंचावर कादंबरी भागाभागाने देता येते आणि वाचक जमतो, पण जी कादंबरी पूर्ण तिथे मोफत वाचता येते ती नंतर छापायला प्रकाशक सहसा उत्सुक नसतो. तिथे जोडकथा द्याव्यात, मुख्य कादंबरी राखून ठेवावी.

तारीख

मराठी पुस्तकाचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. दिवाळीच्या आधीचा महिना नव्या कादंबरीसाठी मी टाळतो, कारण त्या वेळी वाचकाचे पैसे आणि विक्रेत्याचे टेबल दोन्ही अंकांनी व्यापलेले असते. दिवाळी अंकात कथा, तिच्याखाली 'याच लेखकाची कादंबरी लवकरच' ही एक ओळ, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत कादंबरी, हा क्रम मला सर्वांत फलदायी वाटतो. डिसेंबरमधील पुणे पुस्तक महोत्सव आणि हिवाळ्यातली गावोगावची ग्रंथप्रदर्शने त्याच काळात येतात. दुसरा चांगला काळ जूनचा. आषाढातल्या पावसात, वीज गेलेल्या संध्याकाळी भयकथा वाचणारा वाचक अजून नामशेष झालेला नाही. अमावास्येच्या रात्री प्रकाशन समारंभ ठेवण्याची कल्पना दर दोन वर्षांनी कोणाला तरी नवी म्हणून सुचते; त्या रात्री सभागृह स्वस्त मिळते, एवढाच तिचा फायदा असावा.

प्रसिद्धीच्या मजकुरात 'सत्य घटनेवर आधारित' हे शब्द खरे असल्याशिवाय वापरू नयेत. एखादा प्रत्यक्ष वाडा, किल्ला किंवा सोसायटी नाव घेऊन 'झपाटलेली' म्हणून खपवली तर तिथे राहणाऱ्यांना त्रास होतो आणि भाबडे लोक तिथे उतारे ठेवायला जातात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कादंबरीतले कल्पित त्याच्या कक्षेत येत नाही; तरी जाहिरातीत चमत्काराचा खरा म्हणून दावा करण्याचे धाडस करू नये. गाव कल्पित ठेवावे आणि तालुक्याची हवा खरी ठेवावी.

प्रसिद्धीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत लेखकाने ग्रंथालयांकडे लक्ष द्यावे. राज्यात दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि भयकथेचा खरा वाचक तिथे आहे. तो पुस्तक विकत घेईलच असे नाही, पण एक प्रत पन्नास घरे फिरते आणि लेखकाचे नाव नेते. शासनाच्या निवड यादीसाठी प्रकाशकाने पुस्तक वेळेत सादर केले का, हे विचारत राहावे. तालुक्याच्या ग्रंथालयात ग्रंथपालाला स्वतः भेटून एक प्रत दिलेली मी कधी वाया गेलेली पाहिली नाही.

दुसरे पुस्तक आणि टोपणनाव

पहिले आणि दुसरे पुस्तक यांत बारा ते अठरा महिन्यांचे अंतर असावे. दुसरे पुस्तक त्याच भीतीच्या प्रदेशातले असावे, तीच गोष्ट पुन्हा सांगणारे नसावे. मालिका लिहायची असेल तर पहिल्या पुस्तकाचा शेवट पूर्ण असावा, कारण दुसरा भाग येईलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही. ज्याचा हात फार भरभर चालतो त्याला वर्षाला दोन पुस्तके आणण्याचा मोह होतो. किंग यांनी १९७७ पासून रिचर्ड बाकमन या दुसऱ्या नावाने कादंबऱ्या काढल्या, त्यामागे एका लेखकाचे वर्षाला एकच पुस्तक बाजार पचवतो ही त्या काळच्या प्रकाशकांची समजूत होती. १९८५ मध्ये ते गुपित फुटले. मराठीत पहिल्या पाच वर्षांत दुसरे नाव घेऊ नये. एकच नाव रुजवायला इतके कष्ट पडतात की दोन नावांना पाणी घालणे परवडत नाही.

प्रगती कशी मोजावी

पुस्तकाची विक्री रोज पाहू नये. त्याऐवजी एक साधी वही ठेवावी. एका बाजूला कथा कोणाला कधी पाठवली, उत्तर काय आले, मानधन किती ठरले आणि हातात किती पडले. दुसऱ्या बाजूला प्रत्येक पुस्तकाची आवृत्ती, प्रती, हक्काची मुदत कधी संपते ती तारीख आणि विक्रीचे विवरण कधी यायला हवे ती तारीख. विवरण आले नाही तर आठवडाभरात लेखी मागावे. फोनवर मागितलेले विवरण फोनवरच राहते.

वहीतले तीन आकडे महत्त्वाचे. पहिल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती किती महिन्यांत संपली हा पहिला आकडा, आणि इथे पाचशे प्रती दोन वर्षांत संपल्या तरी नवोदिताने खचून जाण्याचे कारण नाही. दुसरे पुस्तक आल्यावर पहिल्याची मागणी वाढली का, हा दुसरा; ती वाढली असेल तर वाचक नावामागे येऊ लागला आहे. तिसरा आकडा संपादकांचा: या वर्षी किती संपादकांनी आपण न पाठवता कथा मागितली. तिसऱ्या वर्षी हा आकडा शून्य असेल तर कादंबरी बाजूला ठेवून पुन्हा एक हंगाम फक्त कथा लिहाव्यात. दोन किंवा अधिक असेल तर प्रकाशकाशी तिसऱ्या पुस्तकाचे बोलणे सुरू करताना पहिल्या कराराची प्रत सोबत न्यावी आणि त्यातील ज्या ओळी तेव्हा मान्य केल्या त्यांवर पेन्सिलीने खुणा करून जावे.